नणंदेचा घोटा

पापडी, ता. २ डिसेंबर १९७९

सौ. विहीणबाई यशोदाबाई यांस,
दयाराम याचा सा. न. वि. वि.

लग्नाला तीन आठवडे झाले. मांडवात तुम्ही कशावरून रुसला होतात ते आम्हाला अजून कळलेलं नाही, पण जे काही असेल त्याची माफी मागून ठेवतो, म्हणजे पुढे कामाला येईल.

आता मुद्द्याचं. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून येऊन बोलायचं ते लिहितो. गावोगावच्या मंडळांची कबड्डीची साखळी स्पर्धा सुरू झाली. मालन ही आमच्या पापडीच्या मुलींच्या संघाची डाव्या कोपऱ्यातली गडी. तिचं नाव दसऱ्यालाच दिलेलं, लग्न ठरलं दिवाळीत. एकदा नाव दिलं की हंगाम संपेपर्यंत मंडळ बदलता येत नाही, असं आमच्या मंडळाचे सेक्रेटरी इग्नेशियस मास्तर सांगतात. प्रत्येक संघाशी दोनदा गाठ, एकदा त्यांच्या मैदानावर, एकदा आपल्या. म्हणजे वटारशीही दोनदा, आणि वटारची कप्तान तुमचीच सुभद्रा. नव्या नवरीने नणंदेची तंगडी धरणं शोभणार नाही असं वाटत असेल, तर नुसतं कळवा. मी तिचं नाव काढून घेतो.

घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पाठवत आहे. आहे तो लोभ आटू देऊ नये.

आपला,
दयाराम


वटार, ता. ७ डिसेंबर १९७९

रा. रा. दयारामभाऊ यांस,
यशोदेचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुकेळीही पोचली, पण आमच्या ह्यांच्या हाती आधी पडल्यामुळे मला फक्त कागद मिळाला. मांडवातल्या रुसव्याचं कारण मलाही आता आठवत नाही. वरमाई रुसली नाही तर लोक म्हणतात हिला काही कळत नाही, म्हणून रुसले होते.

मालन खेळेल. नाव काढायचं तुम्ही मनातही आणू नका. ती इथे बसून राहिली तर माझ्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी तिच्या सवयीने लावून ठेवील, त्यापेक्षा मैदानात गेलेली बरी. सकाळी पाणी लावून झालं की नणंद-भावजय केळीच्या बागेत सुक्या पाल्यावर सराव करतात. सुभद्रा चढाई करते आणि मालन तिचा घोटा धरून पाडते. एक चांगली घड धरलेली केळ दोघींनी मिळून आडवी केली. भालचंद्र बायकोची बाजू घेतो की बहिणीची हे बघायला मी थांबले होते, तर तो सायकल काढून पसार झाला. तुमचा जावई हुशार आहे.

गावात बायका म्हणतात की यशोदेने सून नाही, पापडीचा हेर घरात घेतला. मी म्हणते, असू दे, हेर भाकऱ्या चांगल्या करतो.

तुमच्या पोरीची काळजी करू नये आणि आमच्यावरचा लोभ काटकसरीने वापरू नये.

आपली,
यशोदा


वटार, ता. ८ जानेवारी १९८०

रा. रा. दयारामभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

परवा आमच्या मैदानावर आम्ही एका गुणाने जिंकलो हे तुम्ही पाहिलंत. तुम्ही पंचांच्या मागे बसला होतात, मी डाव्या कोपऱ्याच्या मागे उभी होते. तुम्हाला दिसलं नसेल ते मला दिसलं.

शेवटच्या चढाईत मालनने सुभद्राचा घोटा धरला होता, पक्का धरला होता. मध्यरेषा हातभर लांब होती. आणि तिने हात सोडला. गावाला वाटलं सुभद्राने झटका देऊन सोडवला. मी तीस वर्षं गाय दोहते आहे, हात कधी आवळलेला असतो आणि कधी सैल, हे मला सांगावं लागत नाही. आणि ज्या पोरीचा पाय होता तिला कसं कळणार नाही? जिंकून घरी आली आणि जेवली नाही. मला भीक घातली म्हणून रडली. दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, बागेत सराव नाही. केळी तेवढ्या सुखात आहेत.

मालनला विचारलं तर ती खाली बघून तांदूळ निवडते. तिच्या मनाने ती असं करणार नाही, एवढं मला दोन महिन्यांत कळलंय. कोणी सांगितलं तिला? मला एकाचाच संशय येतो, आणि त्यांनाच हे पत्र लिहीत आहे.

लोभ तूर्त राखून ठेवला आहे.

यशोदा


पापडी, ता. ११ जानेवारी १९८०

सौ. विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

संशय खरा आहे. सामन्याआधी मालन पाया पडायला आली तेव्हा मीच सांगितलं की सगळ्या गावासमोर नणंदेला पाडू नकोस, ढाल दरवर्षी येते, सासर एकदाच मिळतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण नाही म्हणाली नाही.

मुलीच्या बापाने वाकून असावं, हे ऐकत मी मोठा झालो. लग्न ठरल्यापासून मी सारखा वाकतो आहे. तुम्ही हसून बोलता तेव्हा मला जास्तच भीती वाटते की खरं मनात काय असेल. पोरीला तिथे कोणी टाकून बोलू नये, एवढंच मनात होतं. तुमच्या सुभद्राला रडवलं, माझीही तोंड मिटून बसली. मी दोघींचा अपराधी आहे. परतीच्या सामन्यात मालनला खेळवू नका असं मास्तरांना सांगू का?

आपला,
दयाराम


वटार, ता. १५ जानेवारी १९८०

रा. रा. दयारामभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोलायचं ते तुम्ही बोला, मी आज बोलणार नाही.

खेळवू नका म्हणे. एक चूक झाकायला दुसरी करायची ही तुमची रीत दिसते. वाकायची हौस असेल तर तुम्ही खुशाल वाका, पण पोरीच्या हाताला ते शिकवू नका. तिला या घरात आयुष्य काढायचं आहे. उद्या मी चुकले, भालचंद्र चुकला, तरी ती अशीच हात सोडून खाली बघत बसणार का? तसली सून मला नको. मला भांडी हलवणारी हवी.

मी सांगून उपयोग नाही. माझं ती ऐकते, पण खरं धरते ते तुमचं. तीन फेब्रुवारीला तुमच्या मैदानावर गाठ आहे. दोन्ही संघ बरोबरीत आहेत, जिंकेल त्याची ढाल. त्याआधी तिला लिहा.

यशोदा


पापडी, ता. १८ जानेवारी १९८०

चि. सौ. मालन हिस,
अ. उ. आ.

बाळ, मी तुला चुकीचं सांगितलं. तुला सांभाळायला गेलो आणि माझी भीती तुझ्या हातात दिली. ती तुझी नाही, मला परत दे. सुभद्राताईंशी आधी बोल. मग मैदानात त्या येतील तेव्हा धर, आणि सोडू नकोस. कोण काय म्हणेल ते ऐकायला मी आहे.

तुझा,
बाबा


वटार, ता. ५ फेब्रुवारी १९८०

रा. रा. दयारामभाऊ यांस,
सा. न. वि. वि.

ढाल पापडीला गेली, अभिनंदन. फार मिरवू नका, पुढच्या दसऱ्याला मालनचं नाव वटारच्या यादीत असेल.

सुभद्राचा घोटा सुजला आहे, मालनचे दोन्ही गुडघे सोलले आहेत. सुभद्रा तिला फरफटत रेषेपर्यंत घेऊन गेली, तरी चार बोटं कमी पडली. आता एक हळद उगाळते, दुसरी लावते, आणि चूक कोणाची यावर दोघींचं भांडण चालू आहे. माझ्या घरात पुन्हा आवाज आला, मला बरं वाटतं.

एक सांगायचं राहिलं. पंचांची शिट्टी झाली आणि सगळं पापडी गाव उठून नाचायला लागलं. तुम्ही एकटे मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसलात, मी रागावले का ते ताडायला. मला तुमचा राग आला आणि कीवही आली. म्हणून आमचं हरलेलं सगळं गाव बघत असताना मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईने माझा पदर ओढला, मी तिचा हात झटकला.

मग पाहिलं तर तुम्ही तरीही टाळी वाजवत नव्हतात, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होतात. माझ्याकडे लक्षच नव्हतं तुमचं. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा मी समोर असताना तुम्ही लेकीकडे बघत होतात.

राखून ठेवलेला लोभ सगळा पाठवला आहे, मोजू नये.

आपली,
यशोदा