भूल उतरल्यानंतरचे आण्णा

भूषण,

तू म्हणालास म्हणून आण्णांचे कागद घेऊन पुन्हा कराडला डॉक्टरांकडे चाललेय. ते नवीन काही सांगतील असं वाटत नाही. तू पोचशील तेव्हा मी घरी नसेन, चारपर्यंत येते. दुपारी आण्णांना मऊ भात भरव. आधी चष्मा आणि कानाचं मशीन लाव, नाहीतर ते घाबरतात.

तुला न विचारता ऑपरेशनच्या कागदावर सही केली, याचा तुला राग आहे. पण त्यांचं आतडं अडकलं होतं आणि ड्यूटीवर तुझा फोन बंद होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आण्णांसमोरच सांगितलं, या वयात भूल उतरल्यावर डोकं गोंधळतं, बहुतेकांचं ताळ्यावर येतं, काहींचं येत नाही. पण ऑपरेशन केलं नसतं तर ते दोन दिवसही काढणार नव्हते. आण्णाच म्हणाले, "कर गं सही, पोरी. मी हाय की."

त्याला तीन महिने झाले. तुलाही ते ओळखणार नाहीत, मनाची तयारी ठेव.

सकाळी माझाच हात धरून विचारत होते, "आवं नर्सबाई, माझी पोरगी कवा येणार? तिला म्हणावं, घाबरू नगं, मी बरा हाय."

मी म्हटलं, "सांगते."

ताई