कानामागचं काजळ

५ जानेवारी, सोमवार
वारजे ते हिंजवडी, बाहुल्यांची पिशवी मांडीवर. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, नातीला खेळायला?" म्हटलं, नाही, परीक्षेला बसवायला नेतेय. हसला नाही. नात ओवी घरी आमच्या कुसुमताईंच्या पायांवर तेल चोळून घेत होती.

हॉलंडच्या दुकानवाल्या बाईंचं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांच्या वस्तूंची सुरक्षा-चाचणी पास, तर माल घेणार. नाही तर नाही. घेतला तर बाहुल्या शिवणाऱ्या आम्हा चौघींना वर्षभर काम. नाही घेतला तर पुन्हा प्रदर्शनात टेबल मांडून "केवढ्याला हो? बापरे!" ऐकत बसायचं.

लॅबमधल्या सायली मॅडमनी (आमच्या लेकीच्या, मृणूच्याच वयाच्या) सगळं दाखवलं. एक एवढीशी नळी. तान्ह्या मुलाचा घसा केवढा, त्या मापाची. बाहुलीचा कुठलाही तुकडा सुटून त्यात मावला की नापास. एक यंत्र नुसतं हात, पाय, वेणी ओढत बसतं. पोटातल्या आम्लासारखं पाणी करून त्यात कापड, दोरा भिजवतात, मुलानं गिळलंच तर त्यातून काय सुटेल ते बघायला. केसांना ज्योतसुद्धा लावून बघतात.

मी थक्क. कुणीतरी कुठेतरी बसून विचार केलाय की मूल चावेल, ओढेल, चोखेल. कधी न पाहिलेल्या मुलासाठी इतकी काळजी! मॅडमना म्हटलं, देवळात आल्यासारखं वाटतंय. "काकू, चपला राहू द्या, फरशीवर केमिकल असतं." पुण्याचीच मुलगी.

९ जाने., शुक्र.
ओढाताणीत पास! ज्योतीतही पास. वेणी उपटली नाही म्हणे. कुसुमताईंचा टाका आहे तो, उपटेल कशाला. यवतमाळकडच्या आहेत, पहिल्यापासून माझ्याकडे शिवायला. शेवटचा हात त्यांचाच: केस बसवायचे, टाका घट्ट करायचा, पिशवीत भरायचं.

ह्यांनी विचारलं, "तुझ्या बाहुल्या आता व्हिसाच्या रांगेत का?" दुर्लक्ष केलं.

१३ जाने., मंगळ.
सायली मॅडमचा फोन. "काकू, काळा रंग कुठला वापरलात?"
आम्ही रंग वापरतच नाही.
"आहे. उजव्या कानामागे, केसांच्या खाली. सगळ्या बाहुल्यांना. त्यात शिसं आहे, भरपूर."
नापास.

मी प्रत्येक बाहुली हातात घेऊन उलटीपालटी करून बघते. मला कधी दिसला नाही. त्यांनी केस बाजूला करून शोधला. राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर नवलच जास्त वाटलं. हॉलंडच्या बाईंना अजून कळवलेलं नाही. काय कळवू...

१४ जाने., बुध. संक्रांत
कुसुमताई तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा विचारलं. जराही गडबडल्या नाहीत.
"तीट लावली न बाई. कोरं लेकरू परक्या गावाले कोनी धाडते का?"

मला हसू आलं. ही बाईसुद्धा न पाहिलेल्या मुलाचाच विचार करत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, तरी एकही बाहुली सोडली नाही.
मग विचारलं, काजळ कुठलं?
"आपलंच. ओवीचं."

हसू तिथेच थांबलं. मृणू बाळंतपणाला आली तेव्हापासून ओवीची तेल-अंघोळ कुसुमताई करतात. मग डोळ्यांत काजळ, गालावर तीट. रोज. आणि ओवी डोळे चोळते, मग मूठ तोंडात. काल मीच म्हणाले होते, डोळे किती टपोरे दिसतात गं.

१६ जाने., शुक्र.
काजळाची डबी स्वतः लॅबमध्ये नेऊन दिली. मॅडमनी इतर काम बाजूला ठेवून तपासली. तेच. शिसं.

मृणूला सांगितलं. एवढंच म्हणाली, "आई, बाहुलीसाठी तू हिंजवडीपर्यंत गेलीस."
मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉ.कडे ओवीचं रक्त दिलं. इवलासा दंड, शीर सापडेना. डॉ. म्हणाले, बाळ छान दिसतंय, पण दिसण्यावर जाता येत नाही. काजळ बंद. रिपोर्टला काही दिवस.

राहून राहून वाटतं, हॉलंडच्या लोकांनी त्यांच्या मुलांसाठी नियम केला. त्यांना ओवी माहीत नाही, वारजे माहीत नाही. तरी तो नियम समुद्र ओलांडून आमच्या घरातल्या डबीपर्यंत आला. हात जोडावेत असं वाटतं, पण कुणाला जोडू कळत नाही.

१८ जाने., रवि.
कुसुमताई दोन दिवस आल्या नव्हत्या. आज दारातच उभ्या. "माही चारी लेकरं काजळावरच वाढली, बाई. पन तवा घरी पाडत होतो, एरंडेलाच्या दिव्यावर. अठी कुठं येळ भेटते? म्हून पुलाखालून डबी आनली."
मृणू आतून ओवीला घेऊन आली आणि तेलाच्या वाटीसकट त्यांच्याकडे दिली. कुसुमताईंनी तिथेच बसून पाय पसरले, ओवी नेहमीसारखी खिदळली.

२० जाने., मंगळ.
नव्या बाहुल्या तयार. कान मी स्वतः बघितले. हॉलंडच्या बाईंना खरं ते कळवलं. लिहितात, पुन्हा तपासून घ्या, आम्ही थांबतो. भल्या आहेत.
ओवीचा रिपोर्ट अजून नाही. फोन वाजला की मृणू आणि मी दोघी उठतो.

संध्याकाळी वारज्याच्या पुलाखाली गेले. माणूस बसला होता: कंगवे, पिना, आरसे, आणि डब्यांचा ढीग. एक मुलगी कडेवर बाळ घेऊन डबी उघडून बघत होती. म्हटलं, अगं, घेऊ नको, यात शिसं असतं, लॅबमध्ये तपासलंय. तिने माझ्याकडे बघितलं, डबी ठेवली आणि पुढे गेली. पुढेही कुणाकडे तरी मिळत असेलच.
माणसाला समजावलं. "मावशी, सगळे नेतात, कुणाची तक्रार नाय." इथे ती नळी नाही, यंत्र नाही, सायली मॅडम नाहीत. होत्या तेवढ्या सगळ्या डब्या विकत घेतल्या.
पिशवी हातात देताना खूश होऊन म्हणाला, "एवढ्या लागतात तर आधी सांगायचं ना. उद्या अजून आणतो."