सात नंबरचे दिवस

११ मार्च, बुधवार

प्रिय धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंच असशील. फाडू नकोस, निदान पहिलं पान वाच. पत्ता तुझ्या भाचीने दिला. मावशी-भाचीचं दोन वर्षं फोनवर गुळपीठ चालू आहे आणि मला मात्र गेल्या आठवड्यात कळलं. मी तिच्यावर रागावले नाही. खोटं कशाला, थोडी रागावले.

इकडे सगळे बरे आहेत. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातले डबे रोज नव्या क्रमाने लावतात. साखर हवी असली तर मला त्यांना हाक मारावी लागते.

माझं तेच, निवारा एके निवारा. जुन्या छापखान्यातला तो लांबट हॉल, चोवीस खाटा, दारामागे फळा. पण तू पाहिलास तेव्हा लोक तिथे वर्ष वर्ष राहायचे. आता रीत बदलली आहे. माणूस आला की घर का गेलं, दारू पिता का, असली उलटतपासणी करायची नाही. पहिल्याच दिवशी विचारायचं, तुम्हाला कसं घर हवंय? कितवा मजला? जवळपास कोण हवं? मग कागदपत्रं, घरमालकाची मनधरणी, पहिल्या काही महिन्यांचं भाडं आमच्याकडून, आणि नंतर घरी जाऊन विचारपूस. वरचे साहेब म्हणायचे, आधी माणूस सुधारू दे, मग घराचं बघू. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला सुधारल्यावर घर मिळालं होतं का? तेव्हापासून ते मला मीटिंगला कमी बोलावतात.

फळ्यावर खाटेचा नंबर असतो आणि पुढे दिवस. रोज सकाळी मी स्वतः खडूने प्रत्येकाचा एक दिवस वाढवते. आकडा तिसाच्या पुढे गेला की मला चैन पडत नाही. आम्ही निवारा चांगला चालवतो याचा अर्थ एवढाच, की लोक तिथे फार दिवस राहत नाहीत.

ही झाली माझी बढाई. आता सात नंबरचं ऐक.

सात नंबरला एक वायरमन आहेत, साठीच्या पुढचे. बायको गेली, मग भाड्याची इमारत विकली गेली, मग तीन महिने बस स्टँडवर. आमच्याकडे आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा हीटर सुरू केला. मग पंप. मग पंखे. मग ते कपडे धुण्याचं मशीन, ज्यापुढे कंपनीच्या माणसाने हात टेकले होते. महिन्याभरात ‘काका आहेत ना’ हे माझं पालुपद झालं. आणि एक्केचाळिसाव्या दिवशी मी काय केलं असेल? त्यांच्या पुढचा आकडा पुसला आणि तिथे ‘मदतीला’ असं लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही. काकांनीही नाही.

गेल्या आठवड्यात एक शिवणकाम करणारी बाई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यापुढे उभी.

"बाई, सात नंबरचे दिवस का नाही लिहीत हो?"

"अहो, ते आता आपलेच झालेत."

"असं होय. मग मला परकीच राहू द्या. मला घर हवंय."

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी काकांची फाईल काढली. मधल्या काळात त्यांच्या जोगत्या दोन खोल्या आल्या होत्या आणि दोन्ही मी दुसऱ्यांना दिल्या होत्या. शेरा माझ्याच हातचा होता, ‘घाई नाही म्हणतात.’

काका स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवत होते. मी खालून म्हटलं, "काका, घाई नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. तुम्ही विचारलंतच तसं. ‘काका, तुम्हाला काही घाई नाही ना?’ आता असं विचारल्यावर माणूस काय म्हणणार?"

मग खाली उतरले, ट्रंक उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक दारावरची बेल काढून दाखवली. इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच भंगारातून जुळवून केलेली. म्हणाले, "घरी लावायला केली होती. इथे काय उपयोग, सगळे सरळ आत येतात."

आज त्यांचा एकशे त्रेसष्टावा दिवस. तो आकडा मी फळ्यावर लिहिला, सगळ्यांच्या देखत. बेकरीच्या मागे पहिल्या मजल्यावर एक खोली आहे, पण मालकाला एकटा म्हातारा नको आहे. शुक्रवारी सांगतो म्हणालाय. उद्या काकांना घेऊन मीच जाते. ही खोली गेली तर मी त्यांना तोंड कसं दाखवू, कळत नाही.

आणि हे सगळं मी तुलाच का लिहितेय, तेही मला ठाऊक आहे. पण तिकडे मशीन खडखडायला लागलंय, उठते.

१५ मार्च, रविवार

मिळाली खोली!

मालक म्हणत होता, एकटा जीव, आजारी पडला तर कोणी बघायचं? मी माझी नेहमीची टेप लावली, आम्ही येत राहू, फोन नंबर घ्या वगैरे. काका तर जिन्यातल्या मीटरच्या पेटीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "हे वायरिंग ज्याने केलंय, त्याला पुन्हा बोलावू नका." मालकाचा चेहरा एकदम खुलला. तो खुललेला चेहरा मी ओळखला, बाई. तो माझाच होता. मी लगेच मध्ये पडले. म्हटलं, हे भाडेकरू म्हणून येताहेत, यांना फुकट काम सांगायचं नाही, करारात तसं लिहा. लिहून घेतल्याशिवाय उठले नाही.

काल एकशे सहासष्टाव्या दिवशी काका नव्या खोलीत राहायला गेले. आज सकाळी पंप बंद पडला. पडू दे. बाहेरून माणूस बोलावलाय, तो उद्या येतो म्हणून सांगतोय.

दुपारी काकांकडे गेले. सवयीने दार ढकललं तर ते आतून बंद. मग ती बेल दिसली. वाजवली. कोणी येईना. आत नळ चालू होता, भांड्याचा आवाज झाला. त्यांना बिलकूल घाई नव्हती. मी जिन्यात उभी राहिले. केवढा तरी वेळ. मग दार उघडलं. "तोंड धूत होतो. थांबावं लागलं ना तुम्हाला?" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उतरताना पायरीवर बसले आणि ठरवलं, आता लिहायचंच.

धाकटे, रक्त तपासणीच्या त्या प्रयोगशाळेतून तुला नोकरीचा फोन आला होता, तो मी घेतला. तू विचारलंस तेव्हा म्हटलं, अगं, सांगायचं विसरले. त्यावरून तू घर सोडलंस. मी विसरले नव्हते. मी त्यांना सांगितलं होतं, "तिला आता जमायचं नाही, दुसऱ्या कोणाला घ्या." घरमालकांशी बोलते तसल्या गोड आवाजात. तेव्हा निवारा नुकता हाती आला होता, मुलांच्या परीक्षा होत्या आणि घर तुझ्यावर चाललं होतं. आमच्याकडे होतीस ती सात वर्षं मी तुला विचारत आले, "तुला काही घाई नाही ना गं?" तू नाही म्हणायचीस. मी चोवीस परक्या माणसांचे दिवस मोजले आणि तुझा एकही मोजला नाही, कारण तू आपली होतीस.

माझं चुकलं. हे ‘विसरले’पेक्षा फार वाईट आहे, म्हणून दोन वर्षं लिहवलं नाही.

दुसरी नोकरी तू स्वतः मिळवलीस, खोलीही. भाची सांगते, खिडकी मोठी आहे आणि दाराला तू स्वतः रंग दिलास. परत ये असं मी म्हणणार नाही. ते तुझं घर आहे.

पुढच्या रविवारी दहा वाजता मी तिथे येईन. एकदाच बेल वाजवीन. तुझं काही चालू असेल तर ते आधी होऊ दे. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही उघडलंस तर मी मुकाट्याने जिना उतरेन आणि तुझ्यावर रुसणार नाही.

या वेळी दाराबाहेर थांबणारी,
तुझी ताई