तुझा डबा कचऱ्यात का गेला

तुझा चीजचा डबा कचऱ्याच्या बादलीत गेला. टाकला नातीने, बोलणी खाल्ली मी. एवढं आधी लिहिलं, आता रीतीचं बघू. धाकटीला थोरलीचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? माझे गुडघे जागेवर आहेत, फक्त मला कुठे नेत नाहीत.

तर झालं असं. नातीला दिवस गेलेत म्हणून तू हौसेने घरचं मऊ चीज पाठवलंस. तिने विचारलं, दूध तापवलं होतं का? मी तोऱ्यात सांगितलं, माझी बहीण दूध तापवून त्याची चव घालवत नाही. झालं, डब्यासकट बादलीत. (डबा मी काढून धुतलाय.) मला आला राग. तिच्या तपासणीला मीही दवाखान्यात गेले, नर्सबाईंकडे तिची तक्रार करायला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नातीला शाब्बास म्हणाल्या. मग मला बसवून शिकवलं. कच्च्या दुधात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो. पोटुशीला नुसती कणकण येते, अंग दुखतं, पण पोटातलं मूल जाऊ शकतं. मी म्हटलं, अहो, फ्रीजमध्येच ठेवलं होतं की.

"आजी, बाकीचे बहुतेक जंतू थंडीत गप्प बसतात. हा तिथेही वाढतो. मरतो तो आचेवर."

(थेट माझ्या थोरल्या जावेसारखा. कितीही थंडपणे वागवा, मुक्काम हलत नाही.)

घरी येऊन नातीने फ्रीज रिकामा करून आतून पुसला. आता उरलेलं लवकर संपवायचं, तेही वाफा येईपर्यंत गरम करून. कच्चं मांस झाकून खालच्या कप्प्यात. फळ कापायच्या आधी धुवायचं, साल फेकायची असली तरी. आणि फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवलाय. सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप बघतात, माझा कोणी बघत नाही.

ता. क. बादलीत जायच्या आधी मी चमचाभर खाल्लं होतं. छान होतं, वास नाही की काही नाही. तेच वाईट, बाई म्हणाल्या, जिभेला कळतच नाही. या जंतूचा धोका म्हाताऱ्यांनाही असतो म्हणे, आणि दुखणं कधी कधी कित्येक आठवड्यांनी उगवतं. अजून तरी मी धडधाकट आहे. तू लगेच नाक वर करू नकोस.

आणखी ता. क. खरं पत्र इथून. तुझ्या सुनेलाही दिवस गेलेत, आणि तुझ्या चीजला नाही म्हणायची त्या घरात कुणाची छाती नाही. पोरीच्या ताटात ते वाढू नकोस. आजपासून दूध उकळ. आधी खाल्लं असेल आणि ताप आला, तर अंगावर काढू देऊ नकोस, तडक डॉक्टरकडे ने, यावर औषध आहे. आणि या पत्राला तू उत्तर लिहायचं नाही. तू लिहिशील, सगळं ठीक आहे. दूध डोळ्यांसमोर उकळलं की नाही ते सुनेने लिहावं, स्वतःच्या हाताने, आणि पाकीटही तिनेच चिकटवावं.