कुत्रा, गोगलगाय आणि ॲट द रेट

४ मार्च
लॉजच्या काउंटरवर आज एक रशियन बाई. ईमेलचा पत्ता सांगताना मध्येच म्हणाली, "कुत्रा." कुत्रा कुठे आला? मी इकडेतिकडे बघायला लागले. मग तिनेच माझ्या हातातलं पेन घेऊन @ काढून दाखवलं. त्यांच्याकडे त्याला कुत्रा म्हणतात!
दिवसभर हसू येत होतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकांशी गप्पा कशाला मारतेस?"

५ मार्च
चादरी, टॉवेल, बिलं. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

९ मार्च
आता मुद्दामच विचारते. इटालियन जोडप्याची गोगलगाय. डच म्हाताऱ्याची माकडाची शेपटी. ग्रीक मुलीचं बदकाचं पिल्लू!
आणि आपण? ॲट द रेट. बाकीच्यांना जनावर दिसलं, आपल्याला भाव दिसला!
लॉज सासऱ्यांचं. खोलीचा भाव आहे, गरम पाण्याचा आहे, जादा उशीचाही आहे. माझाच तेवढा नाही. लग्न होऊन आले तेव्हा म्हणाले होते, "माणूस मिळेपर्यंत बस जरा काउंटरवर." माणूस अजून मिळतोच आहे. पगाराचं काढलं तर हसले — "घरच्या माणसाला कसला गं पगार?" कोपऱ्यावर जायचं तरी विचारून. माझा फोन नवरा रोज चाळतो.
सासूबाई तिथेच चादरींच्या घड्या घालत होत्या. मान वर केली नाही. त्या बोलतातच कुठे!

१४ मार्च
वरच्या खोलीत एक बाई उतरल्यात. मराठीच. शब्दकोशाच्या कचेरीत असतात. त्यांना माझं प्राणिसंग्रहालय सांगितलं तर चहा निवला तरी उठेनात. म्हणाल्या, जुने व्यापारी हिशेबात ही खूण वापरायचे — इतके नग, अमुक दराने. पुढे ईमेल निघाली तेव्हा एका इंजिनिअरने माणसाचं नाव आणि त्याचं ठिकाण यांच्यामध्ये ती घातली. का, तर कुणाच्याच नावात ती येत नाही.
"म्हणजे आपलं ॲट द रेटच मूळचं!"
"तर काय! बरं, तुझा ईमेलचा पत्ता दे. आणखी नावं पाठवते."
"माझा नाहीये. लॉजचा आहे, तो सासरे उघडतात."
त्यांनी पेन खाली ठेवलं. शरम मला वाटली — मला का?

१६ मार्च
त्या गेल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं हॉटेल आहे, दुसऱ्या शहरात. काउंटरला बाई हवीय. पगार आहे, राहायला खोली आहे. हा तिचा पत्ता. लिही तिला."
लिहू कुठून?

१९ मार्च
दुपारी सगळे आडवे झालेले. काउंटरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडलं. आधी माझं नाव. मग ती खूण. त्या बाईंच्या बहिणीला चार ओळी लिहिल्या, पाठवल्या, वळले — मागे सासूबाई! कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे. तशाच मागे फिरल्या.
संपलं.

२० मार्च
जेवताना सासरे नेहमीसारखेच. सासूबाईंनी सांगितलं नाही? की वेळ बघतायत?

२४ मार्च
उत्तर आलं! "सोमवारपासून या."
नवऱ्याला चाचपून पाहिलं. "मी बाहेर नोकरी धरली तर?"
"डोकं फिरलंय का? मग काउंटर कोण बघणार?"
काउंटर! तू गेलीस तर माझं कसं होईल, एवढं तरी म्हणायचं होतं रे! जाणार. पहाटेच्या बसने.
सासूबाई आज दोनदा माझ्या खोलीत डोकावून गेल्या. पाळत आहे.

२६ मार्च
बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. पहाटे चपला हातात घेऊन खाली आले तर दारातच सासूबाई! म्हटलं, "आई, पाया पडते, अडवू नका."
"अडवतंय कोण?" त्यांनी पदराआडची पिशवी पुढे केली. "तिकडे सांग, दोघी येतोय म्हणून."