डिकीतला बॉक्स आणि तुमचे दादा

प्रिय भावोजी,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. जे नाहीत ते तुम्हाला ठाऊकच आहेत. फोन केला असता, पण बॉक्सचा नुसता विषय काढला की तुमच्याकडची लाइन कशी बरोब्बर तुटते ते मी आता ओळखून आहे. कागदाची लाइन तुटत नाही. फाडून टाकलात तर जाऊबाई तुकडे जुळवून वाचतील, ती बाई माझ्याच शाळेतली आहे. तर हो, त्याच बॉक्सबद्दल लिहितेय. ज्याच्यापायी तुम्ही दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालात, तोच डिकीतला स्पीकरचा बॉक्स. बसा आणि वाचा.

माझं डोकं उठलंय त्याच्यामुळे. तुमचे दादा गेल्यापासून सीट कव्हरचं दुकान मीच बघते. गिऱ्हाइकाकडे जाऊन माप घ्यायचं, शिवलेला माल पोचवायचा, म्हणून गाडीही मीच चालवते. हसू नका. रिव्हर्स अजून धड जमत नाही, म्हणून जिथून सरळ बाहेर पडता येईल तिथेच लावते. पण गाडीत एकटीला गप्प बसवत नाही. म्हटलं गाणी असावीत, आणि नुसती चिवचिव नको, तुमच्या त्या बॉक्ससारखी पोटात धपधप करणारी असावीत. बॉक्स डिकीत धूळ खात पडलाच होता, आवाज मोठा करणारा जळालेला अ‍ॅम्प तेवढा बदलायचा. चौकातल्या गाडीच्या टेप-स्पीकरच्या दुकानातल्या चष्मेवाल्या पोराकडून नवा अ‍ॅम्प आणला, त्यानेच जोडून दिला. हळू आवाजात छान वाजला. जरा वाढवला की लाल दिवा आणि चिडीचूप! अगदी तुमच्या दादांसारखं. जरा जोर लावून काही विचारलं की तोंड बंद.

मग सुरू झाल्या माझ्या येरझाऱ्या. चष्मेवाला म्हणतो काकू, अ‍ॅम्पला काही झालेलं नाही, बॉक्स खराब आहे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्याने अ‍ॅम्प बदलून दिला. तोही तसाच गप्प. मी परत गेले, तो परत म्हणाला बॉक्स. मी म्हटलं, बाबा रे, माझ्या घरात ह्या बॉक्सवरून एकदा महाभारत झालंय, आता तू नवं मांडू नकोस. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्याने नीट सांगितलं. म्हणे, ह्या अ‍ॅम्पला दोन ओहमच्या खाली चालत नाही. स्पीकरचा अडथळा त्याहून कमी भरला की अ‍ॅम्पमधून करंट भसाभसा वाहतो, तो तापतो, आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. जुने अ‍ॅम्प एवढे हुशार नव्हते, ते सरळ जळायचे. हे ऐकलं आणि भावोजी, मला एकदम तुम्ही आठवलात. पण ते पुढे.

तो अडथळा मोजायचा मीटर विकत घेतला, तुमचा वापरवेना. आपल्या दुकानात तुम्ही हे वायरिंगचं काम रोज कसं करायचात हो? बॉक्सच्या मागे तारा जोडायचे जे दोन खिळे असतात त्यांना मीटरच्या सुया लावल्या तर कधी एक पूर्णांक दोन, कधी एक पूर्णांक चार, जरा हात हलला की भलतंच. चिमटीत धरून लावल्या, दाबून लावल्या, शिव्या देऊन लावल्या. आकडा काही जागेवर बसेना. मग आठवलं, तुम्ही मोजायच्या आधी दोन्ही सुया एकमेकींना टेकवून बघत बसायचात, आणि मी चिडवायचे, भावोजी, लग्न लावताय का त्यांचं? तसं केलं तर नुसत्या सुयाच पॉइंट तीन दाखवतात! म्हणजे तेवढं वजा करायचं. हे तेव्हाच सांगितलं असतंत तर? पण मी विचारलं नव्हतं, खिदळत होते. खिळे घासून पुसून लख्ख केले, पुन्हा मोजलं, वजा केलं. पॉइंट नऊ. दोनच्या खाली नाही, एकच्याही खाली. चष्मेवाला खरा ठरला आणि माझा चहा कडू झाला.

आता तो भांडणाचा दिवस. दुकानासमोर गाडी उभी, दोन गिऱ्हाइकं ऐकायला बसलेली, डिकीतून धूर. तुमचे दादा सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाले, तुझ्या हाताला गुणच नाही, माझं दुकान जाळशील एक दिवस. तुम्ही एवढंच म्हणालात, दादा, बॉक्स उघडू दे, मी चारवर जोडलाय, मोजून दाखवतो. आणि ते डिकीला पाठ लावून उभे राहिले. आता हात लावायचा नाही! मला वाटलं राग आहे, उतरेल. तुम्ही मीटर तिथेच ठेवून गेलात. जाऊबाई सांगतात, तुम्ही आता गोदामात पोती मोजता आणि घरातला बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलावता. तुमच्यासारख्या माणसाने! ऐकून माझ्या अंगाची लाही होते.

बॉक्स उघडायचा तर आधी त्याचं कापड उसवायला हवं. कापड दादांनीच शिवलेलं. उसवताना दिसलं, टाक्यांच्या शेजारी जुनी भोकं आहेत, रिकामी. म्हणजे एकदा शिवून, उसवून, पुन्हा शिवलंय. मनात म्हटलं, असेल काही, शिंप्याची खोड. स्पीकर बाहेर काढला. भावोजी, काय जड आहे तो मेला! मागे लिहिलंय, दोन कॉइल, दोन दोन ओहमच्या. त्यांच्या टोकांना अडकवलेल्या तारा काढून एकेक मोजल्या, दोन्ही एक पूर्णांक आठ. चष्मेवाल्याला फोनवर विचारलं, तो म्हणाला मीटरवर थोडं कमीच दिसतं, कॉइल ठणठणीत आहेत. एकीच्या पाठीमागे दुसरी जोडली तर चार होतात, दोघी शेजारी शेजारी जोडल्या तर एक. ह्या बॉक्सात कुणीतरी शेजारी शेजारी जोडल्यात.

खरं सांगू? पहिल्यांदा मला तुमचाच राग आला. म्हटलं, म्हणजे दादा बरोबर होते, आणि मी इतकी वर्षं मनातल्या मनात ह्या दिराची वकिली केली! मग चष्मा लावून नीट बघितलं. एका कॉइलच्या प्लसवर आणि दुसरीच्या मायनसवर तुमच्या निळ्या वायरचे कापलेले तुकडे होते, सोल्डर अजून चकचकीत. तुम्ही एकीच्या पाठीमागेच दुसरी जोडली होती. मधली वायर कुणीतरी कात्रीने कापली होती. आणि नव्या जोडणीला सोल्डर नव्हतंच. तारा नुसत्या पिळलेल्या आणि वरून सीट कव्हरचा मेणाचा दोरा गुंडाळून गाठ मारलेली. दोन वेढे, एक उलटा. ती गाठ अख्ख्या बाजारात एकच माणूस मारायचा. दुकानात इतकी वर्षं ती सोडवताना माझी नखं तुटलीत, भावोजी. ती मी आंधळी झाले तरी ओळखेन.

त्यांना आवाज अजून हवा होता. आठवतंय, म्हणायचे, पोटात बसत नाही म्हणून? तुम्ही नाही म्हणालात, अ‍ॅम्प सोसणार नाही म्हणालात. मग तुमच्या पाठीमागे कापड उसवून स्वतःच उद्योग केला, पुन्हा शिवून टाकलं, आणि धूर निघाल्यावर चोराच्या उलट्या बोंबा. डिकीला पाठ का लावली ते मला आत्ता कळलं. आता मी भांडू कुणाशी? फोटोशी? फोटोसमोर उभं राहून वाट्टेल ते बोलले, तर हा माणूस हसतोय आपला! लग्नातला फोटो लावला हीच चूक झाली. मग राग मशीनवर काढला, तर गिऱ्हाइकाचं कव्हर इतकं घट्ट शिवलं गेलं की सीटवर चढेना, ते उसवत बसले. शेवटच्या आजारपणात रोज विचारायचे, त्याचा फोन आला का? मी म्हणायचे, लावून देऊ? की भिंतीकडे तोंड. मला वाटायचं, केवढा हा ताठा. ताठा नव्हता हो तो. सांगायला तोंड नव्हतं. पण मला तरी सांगायचं! मी काय खाल्लं असतं? बरं, थोडं खाल्लं असतं.

चष्मेवाला म्हणतो, काकू, दोन मिनिटांचं काम आहे, ही गाठ कापतो, पाठोपाठ जोडतो, चार होईल, अ‍ॅम्प खूश. मी त्याला हात लावू दिला नाही. तो म्हणाला, मग इतके दिवस माझं डोकं कशाला खाल्लंत? त्याला काय सांगू? गाठ कापली तर बॉक्स वाजेल, पण मग तुम्हाला दाखवायला माझ्याजवळ काय राहील? वहिनीचा शब्द? तुम्ही म्हणाल, वहिनी मन राखायला बोलतेय. म्हणून कॉइल मोजून झाल्यावर तारा होत्या तशाच लावून ठेवल्यात, गाठ शाबूत आहे, कापड उघडं आहे, तुमचा मीटरही इथेच आहे. ह्यासाठीच हे पत्र. या. त्या दिवशी मोजू दिलं नाही ते आता मोजा, दुकानाच्या दारात, दिवसाढवळ्या, शेजारीपाजारी बघत असताना. गिऱ्हाइकं मी गोळा करते, ते माझ्याकडे लागलं. मग ती गाठ कापायची की तशीच ठेवायची ते तुम्ही ठरवा, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि तुम्ही येईपर्यंत मी गाडी बिनगाण्याची चालवतेय, एकटी, गप्प. हे मला किती दिवस जमेल ते तुम्हीच सांगा.

तुमचीच,
वाट बघणारी आणि वैतागलेली
वहिनी