तीस इंचांची जागा

४ मार्च, सकाळी ११.२०
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच वेळी मिस्त्रीने ह्यांच्या जीपचं बॉनेट उघडून माझ्या तोंडावर म्हटलं, "काकू, माप मी एकदा घेतो." एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात होते. निम्म्या बाजाराचे तराजू माझ्या शिक्क्याशिवाय हलत नव्हते. मी त्याला सांगितलं, इंजिन बसवणं तुझं काम, मोजणं माझं. आणि काकू नव्हे, मॅडम. तो "बरं काकू" म्हणाला.

बेत साधा आहे. जीपचं जुनं इंजिन धूर ओकतं आणि गावामागच्या डोंगराच्या चढावर बसकण मारतं. ते उतरवायचं आणि अपघातात मोडलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन त्या जागी बसवायचं. हे अकरा वर्षं हाच बेत करत होते. दर वर्षी मी माप घेऊन द्यायची, दर वर्षी हे खाकरायचे आणि म्हणायचे, बघू. मागच्या वर्षी गेले. बघायचं राहूनच गेलं.

मुदत २० मार्च, संध्याकाळी पाच. तोवर जीप सुरू झाली तर राहील, नाहीतर कन्येने शोधलेलं गिऱ्हाईक ती ओढून नेईल. तसा शब्द दिलाय.

५ मार्च
माप घेतलं. माझी शिवणकामाची टेप, पितळी टोकाची. मागच्या पत्र्यापासून रेडिएटरपर्यंत तीस इंच. पिकअपचं इंजिन पंख्यासकट एकोणतीस, असं भंगारवाल्याने लिहून दिलंय. एक इंच शिल्लक. टेपचे सुरुवातीचे आकडे झिजलेत, पण एक-दोन-तीन मला पाठ आहे. सुताराने दिलेल्या मापाचे पडदे याच टेपने कापले आणि ते आखूड पडले, तेव्हा कापड आटलं म्हणून मी कापडवाल्याला खोटं पाडलं होतं.

माप वाचताना बॉनेटखाली कुणीतरी खाकरलं. मांजर असावं.

७ मार्च
कन्येचा फोन. शेजारच्या वहिनींनी चहाडी केली की मी जीपच्या शेडमध्ये चहाचे दोन कप नेते. दुसरा मिस्त्रीचा, असं सांगितलं. मिस्त्री बुधवारनंतर फिरकलेला नाही, हे सांगायची गरज वाटली नाही.

आई, बाबा त्या शेडमध्ये नाहीत, म्हणाली. मी कुठे म्हटलं आहेत? कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी मला एकच आत्मा मानायला शिकवला, तो पवित्र. ग्रीसने माखलेला नव्हे.

निश्चय: उद्यापासून एकच कप.

८ मार्च
दोन कप. सवयीने. दुसराही मीच प्यायले, गार झाल्यावर.

१० मार्च
जुनं इंजिन साखळीला टांगून उतरवलं. भंगारवाल्याने ते अदलाबदलीत नेलं, म्हणजे परतीची वाट बंद. त्याआधी मिस्त्रीने पुन्हा विचारलं, एकदा मोजू का? मी टेप त्याच्यासमोर धरली. तीस.

इंजिन गेल्यावर त्या रिकाम्या जागेतून खाकरणं स्वच्छ ऐकू आलं. तिथे मांजर नव्हतं. मिस्त्रीला विचारलं, ऐकलंस? म्हणाला, "काय, काकू?" घसा त्याचाच असणार. फार सिगरेटी ओढतो.

१४ मार्च, दुपारी २.०५
नवं इंजिन आलं. वरून सोडलं. पंखा रेडिएटरवर आपटला, इंजिनाला मागे सरकायला जागा नाही. मिस्त्रीने स्वतःची पोलादी टेप लावली. अठ्ठावीस. मी म्हटलं, तुझी टेप खोटी, शिक्का दाखव. त्याने दोन्ही टेपा मडगार्डवर शेजारी शेजारी पसरून ठेवल्या आणि हात पुसत बाहेर गेला.

मी त्या नीट पाहिल्या नाहीत. चष्मा घरात होता.

१५ मार्च
उन्हाने लोखंड फुगतं, हे शाळेतलं शास्त्र आहे. उद्या सकाळच्या गारव्यात बसेल.

१६ मार्च, सकाळी ६.३०
बसलं नाही.

१७ मार्च
मिस्त्री म्हणतो, मागचा पत्रा कापावा लागेल, रेडिएटर पुढे सरकवावा लागेल. महिना जाईल. कन्येकडे मुदत वाढवून मागितली. म्हणाली, आई, तारीख तूच ठरवलीस.

१८ मार्च
जीप रिकामी करायला घेतली. डॅशबोर्डच्या कप्प्यात ह्यांची वही सापडली. अकरा वर्षांपूर्वीचं पान:

"हिची टेप न विचारता घेतली. पंख्याच्या पट्ट्यात अडकली. पुढचे दोन इंच तुटले. पितळी टोक पुन्हा बसवलं. हिला कळलं नाही. चांगली वेळ बघून सांगेन."

त्याखाली दर वर्षी एक नोंद. "हिचे तीस, म्हणजे अठ्ठावीस. इंजिन बसणार नाही. आज सांगणार होतो, पण ही खुशीत होती." शेवटची मागच्या वर्षीची. "हिचे तीस. बघू."

चष्मा लावून टेप पाहिली. तीनपासून सुरू होते.

कापडवाल्याला मी नोटीस पाठवली होती.

१९ मार्च
जीपमालक यांस,

अकरा वर्षं मी तुम्हाला धरसोड्या म्हटलं, चारचौघांत म्हटलं, आणि तुम्ही खाकरून ऐकून घेतलंत. सांगितलं असतंत तर मी चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी नवी टेप आणली असती. लहान इंजिन शोधलं असतं आणि आपण दोघं त्या डोंगरावर जाऊन आलो असतो.

आज सकाळपासून शेडमध्ये बसले आहे. मुद्दाम चार वेळा माप घेतलं, मोठ्याने तीस म्हटलं. तुम्ही एकदाही खाकरला नाहीत. चोरी सापडल्यावर गप्प बसणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिले आहेत.

वही तुमच्या सीटवर उघडी ठेवली आहे, त्यात पेन आहे. चहाही आहे. मला न सांगण्याचं कारण कळवावं. 'बघू' हे उत्तर धरलं जाणार नाही. लेखी हवं, उद्या, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. त्यानंतर जीप या पत्त्यावर नसेल.